वैमानिकाचं जाकीट आणि स्टीलचा डबा

आमच्या अंधेरीच्या घरात आतली खोली माणसांची नाही, जाकिटांची आहे. अकरा आहेत. सगळी महायुद्धातल्या वैमानिकांची, अस्सल चामड्याची. एकही नक्कल नाही. त्यातलं एक वर्षातून एक दिवस माहेरी जातं, ते का ते सांगते. "या उकाड्यात हे घालून तू जाणार कुठे, भाजी आणायला?" असं नवरा गेली पस्तीस वर्षं विचारतोय. जायचंय कुठे! जपायची आहेत. आणि मुंबईत चामडं जपणं म्हणजे खायचं काम नाही.

पावसाळ्याचे चार महिने बुरशी टपूनच बसलेली असते. प्लॅस्टिकमध्ये चामडं गुदमरतं, म्हणून मी प्रत्येक जाकिटाला जुन्या मलमलीच्या धोतराची पिशवी शिवलीय. खांदे उतरू नयेत म्हणून हँगरला कापूस गुंडाळलाय. चेनला मेणबत्तीचं मेण. आणि तेल? तेलाचं नाव काढायचं नाही! एकदा सासूबाईंनी प्रेमाने एका बाहीला खोबरेल चोळलं होतं. ती बाही अजून काळीकुट्ट आहे, आणि त्या दिवशी मी काय काय बोलले ते त्या बिचाऱ्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

हा नाद लागला ड्रेसवाल्याच्या दुकानात. ड्रेसवाला म्हणजे सिनेमांना कपडे भाड्याने देणारा. ऐन तरुणपणी मी तिथे दुरुस्तीच्या मशीनवर बसायचे. बोहारणी घरोघरी भांडी देऊन जुने कपडे घ्यायच्या आणि त्यातला बरा माल आमच्याकडे आणायच्या. एके दिवशी एका गाठोड्यातून जाकीट निघालं. जाडजूड, तपकिरी, आतून मेंढीची लोकर, मानेशी पुसट इंग्रजी शिक्का. मालक म्हणाला, "कापून टाक, व्हिलनच्या बुटांना लागेल." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कात्री लावलीत तर मी उद्यापासून येत नाही." मालक हसला आणि जाकीट माझ्या अंगावर फेकलं. ते माझं पहिलं.

त्याच्या डाव्या काखेत वीतभर फाटलेलं होतं, आणि ते जाड पांढऱ्या दोऱ्याने, गाठी मारमारून शिवलेलं. पुढे जाणकार संग्राहक घरी यायला लागले, तेव्हा जो तो सांगायचा, ही शिवण उसवा, नीट शिवा. मी बजावायचे, "ज्याने शिवलंय त्याने जीव ओतून शिवलंय. हात लावायचा नाही." वर छाती फुगवून गोष्टही सांगायचे: विमान कोसळलं, वैमानिकाने पॅराशूटची दोरी काढून स्वतःच टाके घातले. कुठे वाचलं होतं मी हे? कुठेच नाही. मनानेच ठरवलं होतं, आणि सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं.

गेल्या काही वर्षांतलीच गोष्ट. पाऊस संपल्यावर मी जाकिटं हॉलमध्ये पंख्याखाली टांगली होती. ऊन नाही, नुसता वारा. बेल वाजली. आमची कोळीण होती. दर बुधवारी यायची, माझ्याच वयाची, पण उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. पाटी खाली ठेवता ठेवता तिची नजर आत गेली आणि बोंबील तसेच टाकून ती थेट हॉलमध्ये शिरली, माझ्या त्या पहिल्या जाकिटासमोर.

"अगं अगं, मासळीच्या हाताने काय!" मी ओरडले.

"हात नाय लावत गो बाय. ह्याच्या डाव्या काखेत जाल्याच्या दोऱ्याची शिवण हाय. बग."

बाही खाली लोंबत होती. तिथून शिवण दिसणं शक्यच नव्हतं.

"पॅराशूटची दोरी आहे ती," मी म्हटलं, पण आवाज आपोआप खाली आला.

"कसला पॅराशूट! आमचे सासऱ्यानं शिवलंय, जालं शिवतात तसं. गाठ बग ना."

मग तिथेच फरशीवर बसून तिने सांगितलं. सासरे तरुणपणी जुहूच्या धावपट्टीवरच्या एका गोऱ्या वैमानिकाला पापलेट पोचवायचे. लढाई संपली, तो मायदेशी निघाला, आणि जाताना अंगातलं जाकीट काढून यांना देऊन गेला. पुढे कित्येक हिवाळे सासरे ते घालून होडीवर जायचे. अख्ख्या कोळीवाड्यात तसं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. मग ही सून म्हणून आली. घर आवरताना तिला ते खारं, कडक धूड दिसलं, आणि नेमकी दारात बोहारीण. स्टीलच्या एका डब्यावर तिने ते देऊन टाकलं.

"त्या दिसापासून बाबा माझ्याशी बोलले नाय. नऊ वर्सं, मरेपर्यंत. त्या डब्यातलं काय खाल्लं पन नाय. नणंद अजून चार मान्सांत बोलते, बाबाचा जीव विकला हिनं."

मग जाकिटाकडे बघत म्हणाली, "एक दिवस दे. बाबाचे फोटोसमोर ठेवते नि आनून देते."

मी नाही म्हटलं. सरळ तोंडावर. जे जाकीट मी सिनेमावाल्यांना दिलं नाही, प्रदर्शनाला दिलं नाही, ते खाऱ्या वाऱ्यात, सुकटीच्या वासात पाठवू? तिने पाटी उचलली आणि गेली. पुढचे दोन बुधवार आलीच नाही.

नवरा एवढंच म्हणाला, "इतकी वर्षं जपलंस. कोणासाठी, ते तरी ठरव." मला असा राग आला! त्याचा नाही, माझाच. बोहारणीच्या गाठोड्यात ते कुणाच्या तरी घरातून आलं असणार, हे माझ्या डोक्यात एकदाही येऊ नये? पॅराशूट काय, विमान काय, नुसत्या थापा मारत होते मी.

तिसऱ्या बुधवारी जाकीट पिशवीत घातलं आणि रिक्षा केली. ते मांडीवर घेऊन बसले. "खड्डे बघून चालव रे," म्हणून रिक्षावाल्याला दोनदा झापलं. कोळीवाड्यात विचारत विचारत तिचं घर गाठलं. ती दारात कोलंबी सोलत बसली होती. मला बघून उठली, हात साबणाने धुतले, पुन्हा एकदा धुतले, आणि शेजारच्या घरातून नणंदेला हाक मारली. बघता बघता सगळा गोतावळा जमला. आत फळीवर स्टीलचा एक डबा होता. तोच असणार, मी विचारलं नाही.

नणंदेने आधी काख उलटून पाहिली. गाठींवरून बोट फिरवलं. "बाबाचीच गाठ," एवढंच म्हणाली.

मग आमच्या कोळणीने जाकीट दोन्ही हातांवर घेतलं, खांद्यांखाली आधार देऊन, अगदी मी धरते तसं, आणि हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहिली.

"बाबा, आनलंय बगा. आता तरी बोला माझ्याशी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि मी काही रडणाऱ्यातली बाई नाही.

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि नणंदेकडे, सगळ्या माणसांकडे वळली. जाकीट उंच धरलं.

"चालीस वर्सं! कुजलं नाय, कसर लागली नाय, बाबाची एक गाठ सुटली नाय. बगून घ्या सगल्यांनी, कुनाचे हाती दिलं व्हतं मी!"