नावाखालची ओळ

वासुदेव निरखे यांनी माझे दोन कागद वाया घालवले, तेव्हाच मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. साधे कागद नव्हते ते. अहमदाबादला भरणाऱ्या कापड-तंत्राच्या परिषदेने मोजून पाठवलेले होते. जाड, पांढरेशुभ्र, फुलस्केपपेक्षा मोठे, आणि चारी बाजूंनी फिकट निळ्या रेघेची चौकट. मजकूर त्या चौकटीतच बसला पाहिजे. जसा टाइप होईल तसाच त्याचा फोटो काढून, लहान करून पुस्तकात छापणार. म्हणून खाडाखोड चालणार नाही, पांढरी शाई चालणार नाही, असं सूचनांच्या पत्रकात तीनदा लिहिलेलं. निबंध इंग्रजी, सहा पानांचा, आणि कागद आठ. निरखेकाकांनी दोन दिवसांत दोन शब्द बदलले आणि दोन कागद रद्दीत गेले. उरले सहा.

"काका," मी म्हटलं, "आता एक शब्द जरी हलला ना, तर हे मशीन तुमच्या डोक्यात घालीन."

"घाला ताई," ते शांतपणे म्हणाले, "पण 'अबाउट' काढून 'अ‍ॅव्हरेज' लिहायलाच पाहिजे होतं."

ही गोष्ट ब्याण्णव साली चंद्रावती मिल बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षाची. इंदूरला रामबागेत माझ्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगचं काम करायचे. कॉलेजचे प्रोफेसर लोक प्रबंध घेऊन यायचे, आणि कागद कसा बसवायचा हे मला त्यांच्याहून जास्त कळायचं, हे मी त्यांना सांगतही असे. निरखेकाका प्रोफेसर नव्हते. चंद्रावतीच्या साचाखात्यात, म्हणजे साचे, कापड विणायचे माग, चालतात त्या मोठ्या शेडमध्ये, हवा दमट ठेवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. सुती धाग्याला कोरडी हवा सोसत नाही, पटापट तुटतो. म्हणून भिंतीवर एका तख्तीवर दोन थर्मामीटर, एक कोरडा आणि एक ओल्या वातीत गुंडाळलेला. दर दोन तासांनी दोन्ही वाचायचे, हवेत दमटपणा किती ते काढायचं, आणि त्या वेळात किती धागे तुटले ते शेजारच्या खान्यात लिहायचं. काकांनी हे बावीस वर्षं केलं. मिल एका मंगळवारी बंद झाली, तेव्हाही चारचं रीडिंग घेऊनच ते बाहेर आले.

घरी बसल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात थर्मामीटर टांगला. त्यांच्या बायको, मंगलाकाकू, एकदा माझ्याकडे येऊन अक्षरशः रडल्या. "शेवया वाळत घातल्या ना शोभना, तर हा माणूस किती मोडल्या ते मोजतो. मी दार उघडलं की म्हणतो, बघ, अकरा गेल्या!"

काकांचं सगळं संशोधन दाराबद्दलच होतं. पाळी बदलताना शेडचं मोठं दार सताड उघडतं, बाहेरची कोरडी हवा आत शिरते, आणि हवा पुन्हा पहिल्यासारखी दमट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. त्या चाळीस मिनिटांत धागे दुपटीने तुटतात. उपाय काय, तर दाराला बारदानाचा जाड पडदा लावावा आणि दार होईल तितकं बंद ठेवावं. हा पडदा त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली मागितला होता, आणि 'विचार करू' हे उत्तर चौदा वर्षं येत राहिलं. निष्कर्ष टाइप करताना मी म्हणून गेले, "काका, दार बंद ठेवा ही तुमची सूचना मालकांनी शेवटी मानलीच की!" ते हसले नाहीत. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

पाच पानं निर्विघ्न झाली. पहिलं पान मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि अडलो तिथेच. सूचना अशी की पहिल्या ओळीत निबंधाचं नाव, दुसऱ्या ओळीत लेखकाचं, आणि तिसऱ्या ओळीत लेखकाची संस्था. तिसरी ओळ रिकामी असल्यास निबंध परत पाठवला जाईल. शिवाय सोबत एक फॉर्म होता. त्यावर संस्थाप्रमुखाची सही, हुद्दा आणि शिक्का.

"चंद्रावती कॉटन मिल, इंदूर," काका म्हणाले.

"ती बंद आहे."

"रीडिंगं तर तिथलीच आहेत ना?"

मी घरचा पत्ता लिहूया म्हटलं. त्यांनी मान हलवली. हवा काय मी घरी मोजली? (घरीही मोजलीच होती, पण मी तोंड आवरलं.) मग मी सुचवलं, 'स्वतंत्र संशोधक' लिहू. काका विचारात पडले. "स्वतंत्र तर मी मिल बंद पडल्यावर झालो, ताई. आणि तेव्हापासून मिलचं एकही रीडिंग घेतलेलं नाही." एका प्रोफेसरसाहेबांनी आपल्या कॉलेजचं नाव द्यायची तयारी दाखवली. अट एवढीच की त्यांचं नाव आधी आणि काकांचं नंतर. काका त्यांना नमस्कार करून उठले. बाहेर आल्यावर मात्र म्हणाले, "बावीस वर्षं मी चंद्रावतीचा माणूस म्हणून मोजलं. ती ओळ गेली तर मग मी कोण? मोजणारा एक म्हातारा, बस."

मला त्या मिलचं काडीचं प्रेम नव्हतं. पण ते पहिलं पान मशीनवर चढवलेलं, तिसरी ओळ रिकामी सोडून बाकी सगळं टाइप केलेलं, आणि दिवस उरलेले चार. अर्धवट काम मला बघवत नाही. मी पदर खोचला आणि काकांना घेऊन, कोर्टाने मिलवर नेमलेल्या साहेबांच्या ऑफिसात गेले.

साहेब सज्जन होते आणि अत्यंत नियमाचे होते. "देखिए, मिल में अब कोई एम्प्लॉयी नहीं है," ते म्हणाले. "सिर्फ असेट है. आप क्या हैं?"

काकांनी प्रश्न खराच मनावर घेतला. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "सर, असेट में देख लीजिए ना एक बार."

साहेबांनी खरंच यादी काढली. बोट फिरवत ते वाचत गेले. साचे चारशे बारा, भिंतीवरचं घड्याळ एक, लाकडी स्टूल नऊ, थर्मामीटर तख्तीसकट दोन. थर्मामीटर यादीत होते, निरखेकाका नव्हते. काकांचा चेहरा इतका उतरला की साहेबांनाही वाईट वाटलं. "वहां तो अब बस चौकीदार है," ते समजावू लागले, "पूरा इंचार्ज वही है."

"लिखा हुआ है?" मी विचारलं.

"बिल्कुल लिखा हुआ है. ऑर्डर है."

ऑर्डरची नक्कल मी मागून घेतली आणि जिन्यातच वाचली. मिलच्या आवाराचे संपूर्ण प्रभारी म्हणून उदयसिंह यांची नेमणूक करण्यात येत आहे. मिलमध्ये दुसरं कुणी नाही आणि प्रभारी एक आहे, म्हणजे संस्थाप्रमुख तोच. टायपिंगच्या धंद्यात मी एवढं तरी शिकले होते की कागदावर जे आहे, ते आहे.

उदयसिंह मिलच्या फाटकाशी स्टुलावर बसून भुईमुगाच्या शेंगा खात होता. जवळच्या बेटमा गावाकडचा, साठीला आलेला, मिशा पिवळट पडलेल्या. मिल चालू असताना तो काकांना रोज सलाम करायचा. मी ऑर्डर दाखवून सगळं सांगितलं. सांगता सांगता बघते तर तो उठून उभा राहिला, अंगावरची टरफलं झटकली आणि टोपी घातली.

"तो बाईजी, सही मैं ऐसे ई नी करूंगा," तो म्हणाला. "पहले पढ़ के सुनाओ, इसमें लिखा क्या है. कल को साहब पूछेंगे तो?"

मी डोक्यावर हात मारला. पण काकांना झालेला आनंद बघण्यासारखा होता. बावीस वर्षांत एकाही मॅनेजरने त्यांना कधी असं विचारलं नव्हतं. तिथेच फाटकाशी उन्हात त्यांनी सहाही पानं हिंदीतून समजावली. उदयसिंह मधूनमधून अडवायचा. एका ठिकाणी म्हणाला, "रुको भिया. चालीस मिनट? मैं तो गेट पे ई था, दरवाजा पंद्रह मिनट में बंद हो जाता था."

"दार पंधराला बंद व्हायचं, उदयसिंह. हवेला चाळीस लागायचे."

उदयसिंहने त्यावर बराच विचार केला आणि मान डोलावली. "हां. हवा को टाइम लगता है."

मग शिक्का. मिलचे शिक्के ऑफिसात सीलबंद. फाटकावर एकच राहिलेला, बाहेर जाणाऱ्या मालावर मारायचा : 'जांच कर छोड़ा गया'. उदयसिंहने शाईच्या वाळलेल्या गादीवर थोडं पाणी शिंपडलं आणि फॉर्मवर तो दणकून मारला. सही केली आणि हुद्द्यापुढे 'प्रभारी' लिहिलं. त्याच फॉर्ममध्ये छापील मजकूर होता की लेखकास परिषदेसाठी कामावरून तीन दिवस मोकळं करण्यात येत आहे. ते वाचून दाखवल्यावर तो गंभीर झाला.

"छुट्टी दी," तो म्हणाला. "शुक्कर, शनि, इतवार. पर सोमवार को पहली पाली में हाजिर."

आम्ही निघालो तर त्याने पुन्हा थांबवलं. फाटकातून काही बाहेर जात असेल तर नोंद हवीच. त्याने गेटची वही उघडली आणि लिहिलं : कागद, नग सहा, बाहेर.

त्या दुपारी मी कागद पुन्हा मशीनवर चढवला. काढलेला कागद पुन्हा त्याच ओळीला नेमका आणणं सोपं नसतं. केसाएवढा फरक पडला तरी दिसतो. काका माझ्या मागे श्वास रोखून उभे होते. 'चंद्रावती कॉटन मिल, इंदूर' ही ओळ मी इंग्रजीत एकेक अक्षर बघत टाइप केली. बरोबर बसली. काकांनी डोळे पुसले. मी त्यांना म्हटलं, कागदावर थेंब पडला तर मी तुम्हाला सोडणार नाही.

जानेवारीत काका परिषदेला गेले. मंगलाकाकूंनी त्यांचा जुना खाकी सदरा इस्त्री करून दिला आणि डबाभर शेव दिली. परत आले ते छातीवरचा बिल्ला तसाच लावून, रविवारी संध्याकाळी थेट माझ्या घरी. बिल्ल्यावर नाव, आणि नावाखाली ती ओळ. मी विचारलं, कसं झालं?

"टाळ्या वाजल्या," ते खाली बघत म्हणाले. "अध्यक्ष म्हणाले, एखादी मिल आपल्या माणसाला बावीस वर्षं मोजू देते, ही अभिमानाची गोष्ट आहे. मग एक तरुण इंजिनियर उठला. दक्षिणेकडच्या कुठल्या तरी मिलचा. त्याने विचारलं, पडदा लावलात का? आणि सध्याचं रीडिंग काय?"

"मग तुम्ही सांगितलं, मिल बंद आहे?"

"कसं सांगणार, ताई? छातीवर नाव होतं ना तिचं." त्यांनी बिल्ल्यावर हात ठेवला. "म्हटलं, आठवड्याभरात कळवतो."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, त्या बिचाऱ्याला दोन ओळींचं खरं पत्र टाका, मी फुकट टाइप करून देते. काका 'बघतो' म्हणून गेले. त्यानंतर दोन महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. मंगलाकाकू देवळात भेटल्या तेव्हा मात्र खुशीत दिसल्या. शेवयांची मोजणी बंद झाली होती. "डबा घेऊन जातात सकाळी," त्या म्हणाल्या. "कुठे जातात ते मी विचारत नाही. घरात शांती आहे."

मार्चमध्ये परिषदेचं छापील पुस्तक आलं, पण मिलच्या पत्त्यावर. उदयसिंहचा निरोप आला, पुस्तकात तुम्ही केलेलं काम बघून जा. मी गेले. फाटकाच्या छोट्या दारातून त्याने मला आत घेतलं, वहीत माझी नोंद केली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि साचाखात्याकडे बोट दाखवलं.

शेडच्या दाराला बारदानाचा पडदा होता. नवा, जाड, खाली विटा बांधलेला. "निरखे साहब ने अर्जी दी थी," उदयसिंह म्हणाला. "मैंने उसी दिन मंजूर कर दी." मी विचारलं, माणसाला असं आत सोडलेलं कोर्टाच्या साहेबांना चालतं का? तो म्हणाला, माल बाहेर जाता कामा नये एवढीच ऑर्डर आहे. आणि थर्मामीटर यादीत आहेत, ते चालू आहेत की नाही ते बघायला नको?

पडदा सारून मी आत गेले. चारशे बारा साचे जाळ्या-धुळीत उभे. वीज नाही, छपरातून थोडा उजेड. एका भिंतीशी स्टुलावर खाकी सदऱ्यातले निरखेकाका ओल्या थर्मामीटरच्या वातीवर चमच्याने पाणी घालत होते.

"काका, हे काय चाललंय?" मी जवळजवळ ओरडलेच. "माग बंद, माणसं नाहीत, कशाची रीडिंगं घेताय?"

"हवेची," ते म्हणाले. "हवा कुठे बंद पडलीय?"

त्यांनी वही पुढे केली. त्या सोमवारच्या पहिल्या पाळीपासून दर दोन तासांची नोंद, रोजच्या रोज, खाली प्रभारींची सही. कोरडा, ओला, दमटपणा. शेवटचा खाना तुटलेल्या धाग्यांचा. त्यात वरपासून खालपर्यंत, पानामागून पान, एकच आकडा होता. शून्य.

"बावीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं, ताई," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत एकदा तीनवर आलो होतो. बस, तेवढंच."

मला आधी हसू आलं. मग चिडायला काहीतरी शोधत होते, सापडेना. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं, त्यांचं पान उघडून. ती ओळ छापून छान आली होती, किंचितही तिरपी नव्हती. त्यांनी ती वाचली, बोट फिरवून पुन्हा वाचली, आणि मग घड्याळ पाहून घाईने उठले. दहाचं रीडिंग घ्यायचं होतं.

मी निघाले. दाराशी पोहोचले तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला.

"ताई, पडदा नीट सोडा हं जाताना. फट राहू देऊ नका, चाळीस मिनिटं लागतात."

मी पडदा सोडला, विटा सरळ केल्या, आणि कुठे फट राहिली नाही ना, ते वाकून दोनदा पाहिलं.