विजयमालाबाईंचा कडुनिंब

काळजी करणं हा विजयमालाबाईंचा मूळ धंदा आणि अंगणवाडी हा जोडधंदा. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणतो, त्या हसतातही. पण हसता हसता माझ्या दुकानाच्या पायरीवरून एखादं पोर पडणार तर नाही ना, हे बघून घेतात. तिसगावच्या पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, आणि बाईंची अंगणवाडी गावाबाहेरच्या एका वस्तीवर. कार्डशीट, डिंक, रंगाच्या बाटल्या, सगळं माझ्याकडूनच जातं. रंग घेताना प्रश्न ठरलेला, पोराच्या पोटात गेला तर काही होणार नाही ना? मी म्हणतो, बाई, रंग आहे, पेढा नाही.

त्यांच्या वर्गात भिंतभर एक कडुनिंब आहे. खोड खाकी कागदाचं, पानं मुलांच्या हातांची. पावसाळ्यात प्रत्येक मूल हिरव्या रंगात पंजा बुडवून कागदावर उमटवतं. तो वाळला की बाई कात्रीने कापतात, मागे नाव लिहितात आणि फांदीला चिकटवतात. कडुनिंबाचं पान असं कुठं असतं, असं मी एकदा विचारून बघितलं होतं, पण मुलांनी मला वेड्यात काढलं. दिवाळीत झाडाखाली कागदी पणत्या येतात, संक्रांतीला फांदीत पतंग अडकतो. पहिल्या वर्षी बाईंनी मोबाईलवर बघून पानगळ दिवाळीआधीच उरकली होती. पोरांनी खिडकीबाहेरच्या हिरव्यागार झाडाकडे बोट दाखवलं आणि बाईंनी मुकाट्याने सगळी पानं परत चिकटवली. तेव्हापासून पानगळ होळीला. मुलं आपापलं पान ओढून काढतात, टोपलीत घालतात आणि वाजतगाजत नेऊन वस्तीच्या होळीत टाकतात. जी मुलं गावात नसतात त्यांची पानं बाई काढतात. मग पाडव्याला तांबूस रंग कालवून नवी पालवी.

गावात नसणारी मुलं म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांची. दिवाळी सरली की वस्तीवरची किती घरं कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्या दिवसांत बाईंचा जीव थाऱ्यावर नसतो. यंदा तो ज्ञानेश्वरीपाशी अडकला होता. कानिफनाथ आणि सुरेखाची ही पोरगी, पाचवं लागलेलं, बडबडी, रंगाच्या वाटीत कोपरापर्यंत हात घालणारी. तिला आजीजवळ, साळूबाईजवळ ठेवा म्हणून बाई घरी जाऊन विनवून आल्या. सुरेखाने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "बाई, ही न्हाई आली तर बारक्याला कुनी धरायचं? आमी दोघं बी फडात." 

पोरगी गेली. बाई मात्र दुकानात आल्या की तिचंच काढायच्या. उसाचं पाचट हातापायाला कापतं, फडाजवळ विहिरी असतात, ट्रॉलीवर पोरं कशीही झोपतात. मी चिडायचो. दरवर्षी जातात आणि दरवर्षी येतात, असं सांगायचो. पण शिवरात्रीच्या सुमाराला कुणीतरी गावच्या ग्रुपवर एक बातमी टाकली. दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली होती, माणसं आपल्याच भागातली, नावं कळलेली नाहीत. कानिफनाथ त्याच बाजूला गेला होता. बाईंनी फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, तरी बंद. नंतर त्या साळूबाईकडे गेल्या, चहा प्याल्या, गुडघ्यांची चौकशी केली आणि बातमीचं काही न काढता परत आल्या. म्हातारीला माहीत नव्हतं. बाई मला म्हणाल्या, "मी सांगितलं आणि खोटं निघालं तर? आणि न सांगता खरं निघालं तर?" मी रंगाच्या बाटल्या पुसत राहिलो. खरं सांगतो, त्या दिवशी मीही घाबरलो होतो.

होळी आली तरी पत्ता नव्हता. मुलांनी पानं काढली, गैरहजर मुलांची बाईंनी काढली. मी होळीचे रंग पोचवायला गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलं. बाईंनी ज्ञानेश्वरीच्या पानाला हात लावला, कड जराशी उचकटली आणि परत दाबून बसवली. त्या पोरीचा पंजा आपल्या हाताने विस्तवात टाकणं त्यांच्याने झालं नाही. एवढ्या मोठ्या झाडावर तेवढं एक पान राहिलं. मी थट्टा करणार होतो, पण नाही केली.

मढीच्या यात्रेला तरी येतील, असं बाई म्हणत होत्या. यात्रा झाली. पाडव्याच्या आसपास एकेक ट्रॉली वस्तीवर आली. वर्गातला गहिनीनाथ आला, त्याच्या दोन्ही बहिणी आल्या, झाडाला तांबूस पालवी फुटली. कानिफनाथचं बिऱ्हाड मात्र आलंच नाही. त्यांची टोळी आणखी पुढच्या कारखान्यावर गेली, असं कुणी म्हणालं. पण त्यांना बघितलेलं कुणी नव्हतं. बाई खिचडी वाटताना रस्त्याकडे बघायच्या आणि वाटी भरून सांडायची.

पाडव्यानंतर तांबडा रंग संपला म्हणून मी बाटली घेऊन गेलो, तर वर्गाच्या दारात ज्ञानेश्वरी उभी. उन्हाने केस पिंगट झालेले, उंची वाढलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. मागे सुरेखा कडेवर बारक्याला घेऊन. त्यांचा फोन ऊस भरताना चाकाखाली गेला होता, एवढंच. उलटलेली ट्रॉली दुसऱ्याच कुणाची होती. बाईंनी पोरीला उराशी धरलं आणि सगळ्यांदेखत रडल्या.

पोरगी मात्र त्यांच्या खांद्यावरून झाडाकडे बघत होती. कोवळ्या पालवीत ते एक विटलेलं हिरवं पान तिने लगेच ओळखलं. तिचा चेहरा उतरला.

"समद्यांची पानं पडली. माझंच का न्हाई पाडलं?"

तू इथे नव्हतीस म्हणून, असं बाई काहीतरी म्हणाल्या.

"गहिनी बी न्हवता. त्याचं पाडलं."

बाई खाली बसल्या. "मला भीती वाटली गं," त्या म्हणाल्या. पानाला काय भ्यायचं, ते पोरीला कळलं नाही. तिला दुसरीच धास्ती होती. "आता व्हळी न्हाई. मग मला नवं न्हाई?"

बाईंनी उठून ते पान काढलं आणि तिच्या हातात दिलं. मागच्या आवारात खिचडीची चूल पेटलेली होती. पोरगी सरळ तिथे गेली आणि पान विस्तवात घालून मोकळी झाली. बाईंनी तेवढा वेळ तोंड फिरवलं होतं. कागद काळा होऊन वळेपर्यंत मीच बघत राहिलो.

मग बाईंनी माझ्या हातातली बाटली घेतली, रंग कालवला, पोरीचा पंजा त्यात बुडवला आणि कागदावर ठेवला. वरून आपला हात दाबून धरला. वाट बघत बाकीची पोरं कंटाळली, बारक्या किरकिरायला लागला, तरी बाईंचा हात निघेना.

ज्ञानेश्वरीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "बाई, सोडा आता," ती म्हणाली. "उमटलं."