चार नावांचं एकच बियाणं

नवरा रॉजर गेल्यावर वर्लीन टोस्ट्रडने आयोवातली दोनशे एकर जमीन एकटीने कसली. सोयाबीनचं बियाणं मात्र एकोणीस वर्षं एकाच माणसाकडून घेतलं, ड्वाइट अमडालकडून. तो रॉजरचा शाळेपासूनचा मित्र. रॉजरची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तोही होता.

आमच्या भागातल्या मातीत सूत्रकृमी आहेत. वरून झाड हिरवंगार दिसतं आणि खाली ते मुळांतला रस शोषत असतात. म्हणून त्यांना दाद न देणारं वाण पेरायचं आणि तेही दरवर्षी बदलायचं, हे सगळ्यांना ठाऊक. ड्वाइट हिवाळ्यात वर्लीनच्या टेबलाशी येऊन बसायचा.

"यंदा वेगळं दे हं," ती बजावायची.

"वेगळंच आहे गं!"

तरी उतारा एकरी साठ बुशेलवरून बेचाळीसवर आला. ड्वाइट म्हणाला, पावसाने ओढ दिली. पुढच्या वर्षी म्हणाला, तणनाशक उशिरा मारलंस. तिने तेही मानलं.

मी तिची मैत्रीण. जुलैत तिच्याकडे गेले होते, तेव्हा तिने बांधाजवळचं एक झाड फावड्याने खणून काढलं. मुळांवर टाचणीच्या डोक्याहून बारीक पांढरे दाणे होते. दाणा म्हणजे अंड्यांनी भरलेली मादी. बांधापलीकडे ड्वाइटचं सोयाबीन. वर्लीनने तिथलंही एक झाड उपटलं. मुळं जवळजवळ स्वच्छ होती.

"काय गं हे?" ती मला म्हणाली.

दोन्ही मुळं पावाच्या पिशवीत घालून आम्ही कृषी सल्लागार बाईंकडे गेलो. बियाण्याच्या पिशव्यांवरची लेबलं वर्लीनने जपून ठेवली होती. बाईंनी चार वर्षांची लेबलं ओळीने मांडली.

"नावं चार आहेत, पण चारींतही कृमींना रोखणारी जनुकं एकाच जुन्या वाणातून आलीत. दरवर्षी त्यातून जे कृमी तगले, त्यांचीच पिल्लावळ वाढली. आता त्यांना या बियाण्याचं काहीच वाटत नाही."

"आणि शेजारच्या शेतात?" वर्लीनने विचारलं.

"तिथली जनुकं दुसऱ्या वाणाची असणार. ते बियाणं फार कमी येतं. विक्रेत्यांना आम्ही हे चार वर्षांपूर्वी सांगितलंय."

वर्लीन थेट ड्वाइटच्या गोदामात गेली. मी दारात थांबले.

"तुला ठाऊक होतं?"

"अगं, मोजक्याच पिशव्या येतात त्या."

"कुठे गेल्या?"

तो हात पुसत राहिला. "माझंही शेत आहे, वर्लीन."

"मला सांगायचंस तरी. मी मका पेरला असता."

"मग माझं बियाणं कोणी घेतलं असतं?" तो कसनुसं हसला. "रॉजर असता तर त्याने समजून घेतलं असतं."

"त्याचं नाव तू काढू नकोस."

त्या शेतात तिने दोन वर्षं मका घेतला. मग दुसऱ्या गावाहून ते दुसरं बियाणं आणलं. मातीतली अंडी तिसऱ्या हिश्शावर आली. पुरती ती जात नाहीतच. चर्चच्या हॉलमध्ये तिने लेबलं सगळ्यांपुढे ठेवली. ड्वाइटची गिऱ्हाइकं पांगली, पण त्याचा आनंद काही तिच्या चेहऱ्यावर दिसला नाही. "पीक गेलं ते परत येईल गं," एवढंच ती एकदा मला म्हणाली.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायची पद्धत आहे. ड्वाइट अजून उचलतो. वर्लीनचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहतात.