झरीच्या चौकीची केबल

साठच्या दशकाच्या अखेरीस मी यवतमाळच्या एका साप्ताहिकासाठी बातम्या गोळा करीत असे. दुपारी एका सरकारी खात्याच्या वायरलेस खोलीत चक्कर असे. तिथे एक ऑपरेटर आणि एक मेकॅनिक बसत. मेकॅनिकचा धाकटा भाऊ झरीच्या जंगलातल्या चौकीवर एकटा सेट सांभाळी.

पावसाळ्याआधी त्या चौकीच्या एरियलची केबल बदलायची होती. कनेक्टर नव्या पद्धतीचे आले होते. त्यांना कथलाचा डाक द्यायचा नसे. केबलच्या तांब्याच्या जाळीवर नळी चढवून ती पकडीने दाबायची. नळी केबलच्या मापाचीच लागे. केबल बारीक होती आणि तिच्या मापाच्या नळ्या संपल्या होत्या. मेकॅनिकने जाड केबलची नळी घेतली, आत तांब्याची पट्टी गुंडाळली आणि पकड दाबली.

“बापाचा जोडा पोराले घालून राह्यला काय बे?” ऑपरेटर म्हणाला.

“ओढून पाहा ना दादा. निघाला तर मले सांगा.”

ऑपरेटरने जोर लावून ओढले. निघाला नाही. केबल झरीला गेली.

श्रावणातल्या एका दुपारी मी खोलीत होतो. सेटची खरखर मध्येच दबली, वाढली, पुन्हा दबली. पलीकडून कोणी बोलू लागले की ती दबते. शब्द मात्र एकही आला नाही.

“हवाच खराब हाय,” ऑपरेटर म्हणाला. मेकॅनिक चहा गाळत होता. त्याने मान डोलावली.

त्यानंतर झरीचा आवाज आलाच नाही. पुराचे नाले उतरल्यावर माणसे चौकीवर पोहोचली. भाऊ तापाने गेला होता, सेटजवळच. नळीत पाणी शिरले होते आणि जाळी हिरवी पडली होती. संपर्क तुटण्याचे कारण खात्याने हवामान दिले. आमच्या साप्ताहिकातही तेच छापून आले.

बरोबर मापाचे कनेक्टर घेऊन मेकॅनिक स्वतः झरीला गेला. त्याचा आवाज आला तेव्हाही मी खोलीत होतो.

“कसं ऐकू येऊन राह्यलं?”

“साफ. बाजूले बसल्यावानी.”

खरखर पुन्हा थांबली. तिकडे बटण दाबलेले होते.

“दादा, त्या दिवशी तो बोलूनच राह्यला होता ना?”

ऑपरेटरने माइकच्या बटणावर अंगठा ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. बटण त्याने दाबले नाही.