आखाजीची फांदी

माझ्या भावाने यंदा अंगणातल्या निंबाची फांदी तोडली. अख्खं झाड नाही, एकच फांदी, असं त्याने मला तीनदा ऐकवलं, जसं काही माझ्यावर उपकारच केले. पण आखाजीचा झोका त्या एकाच फांदीला बांधला जायचा. अंगणावर आडवी आलेली, मांडीएवढी जाड, आणि दोर घासून घासून मधोमध गुळगुळीत खाच पडलेली फांदी होती ती.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी खानदेशातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात आणि झोके घेतात. मी जळगावात पिंप्राळ्याला एका कॉलनीत राहते. तिथे माझं अंगण म्हणजे तुळशीची कुंडी आणि दोन स्कूटर. माहेर धुळ्याकडच्या गावात. साठी उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी आखाजीची बस मी कधी चुकवली नाही. मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्या आणि आमरस खाऊन तट्ट झालं की ऊन जरा उतरू द्यायचं आणि झोक्यावर चढायचं. बसून नव्हे, उभं राहून. झोका उंच गेला की कुंपणापलीकडचा कपाशीच्या काड्यांचा ढीग दिसायचा, त्यापलीकडे आमचं वावर, आणि खाली येता येता निंबाचा बारीक फुलोरा केसांत पडायचा. पिंप्राळ्याला परतल्यावर वेणी सोडली की तो फरशीवर सांडायचा आणि मी दोन दिवस तिथला केर काढायची नाही.

यंदा फाटक उघडलं तर अंगण भगभगीत पांढरं. भाऊ हौसेने मला गच्चीवर घेऊन गेला. तिथे सोलरचे काळे पत्रे ओळीने मांडलेले. "सावली पडे पॅनलवर, अक्का. तोडी टाकी फांदी," तो म्हणाला. लाइटीचा आता काही ताप नाही, दिवसभर कूलर चालतो, हेही त्याने सांगितलं. माझं डोकंच फिरलं. ज्या सावलीत बसलं की पंखासुद्धा लागत नसे ती तोडायची, आणि मग घामाघूम होऊन कूलर लावायचा! वर यालाच सुधारणा म्हणायचं.

त्याने माझ्यासाठी झोपाळाही आणून ठेवला होता. वेताचा, लोखंडी दांड्याला टांगलेला, आत गुलाबी गादी, अगदी पोपटाच्या पिंजऱ्यासारखा. ओसरीत ठेवलेला. बस म्हणाला. बसले, तर पाय जमिनीला टेकले आणि समोर दिसली ती भिंत. मी उठले. मला विचारायचं तरी होतंस, म्हटलं. त्यावर तो हसत म्हणाला की घर माझं, झाड माझं, त्यात विचारायचं काय.

हे मात्र मला लागलं. वडील गेल्यावर तलाठ्याच्या टेबलापाशी मी हक्क सोडल्याची सही केली होती. सगळ्या बहिणी करतात तशी, भावाने आणलेली साडी नेसून, हसतमुखाने. कधी बोलून दाखवलं नाही. माहेरात मी माझं म्हणून एवढंच ठेवलं होतं, वर्षातून एक दुपार आणि एक फांदी.

"सही मी वावरवर करी व्हती, भाऊ, फांदीवर नही," मी म्हणाले. तो खाली मान घालून मोबाइल बघत बसला.

मी पिशवी उचलली आणि स्वयंपाकघरात वहिनीला सांगायला गेले की येते मी, पोळी खायला थांबत नाही. ती खापरासमोर घामाने निथळत होती. फांदी तोडू नका म्हणून तिने भावाशी भांडण केलं होतं, चार दिवस अबोला धरला होता, हे मला तेव्हा कळलं. मला बरं वाटलं. निदान तुला तरी माझ्या झोक्याची किंमत आहे, मी म्हणाले.

तिने हातावरची पोळी खापरावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, मन्हा झोका कोठे व्हता?"

मी पिशवी खाली ठेवली. तिच्या लग्नानंतर दोन वर्षांतच तिचे आईवडील गेले. तिला भाऊ नव्हताच. म्हणजे तीसेक आखाज्या ती याच घरात होती. त्यातल्या प्रत्येक आखाजीला मी झोक्यावर आणि ती चुलीपाशी. मी वरून ओरडून पाणी मागायची आणि ती तांब्या घेऊन यायची. मी सासरी परतले की उरलेल्या दुपारी ती एकटी त्या झोक्यावर बसायची, दोर सोडायचा दिवस येईपर्यंत. हेही तिने तेव्हाच सांगितलं. भावावर मी एवढी चिडले होते, आणि तोच दोष तर माझ्याही पदरात निघाला.

दोर तिने धान्याच्या कोठीमागे जपून ठेवला होता. जेवणं उरकल्यावर मी तो खांद्यावर टाकला, तिचा हात धरला आणि भांडी तशीच टाकून आम्ही वावरात गेलो. बांधावर एक निंब आहे, वाकडा, पण एक फांदी बरी. दोघींनी मिळून झोका बांधला. मी तिला चढ म्हटलं. आधी तुम्ही, आधी तुम्ही, तिचं चाललंच होतं. शेवटी ती चढली, पदर खोचून, घाबरत घाबरत, आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला मोकळी हसली.

तेवढ्यात भाऊ मोटारसायकलवर शोधत आला. वहिनीला झोक्यावर बघून तो ओशाळला, माझ्यासाठीच ओशाळला असावा.

"उतर तू," तो तिला म्हणाला, "अक्काले बसू दे."

ती उतरायला पाय सोडू लागली. मी मागून आणखी जोराचा झोका दिला.