डोळे मिटून केलेलं भांडण

सांगलीच्या विश्रामबागेत तबीथा वायदंडे कुठं राहतात असं विचारलं तर लोक डोकं खाजवतील. पण नुसतं 'सिस्टर' म्हणा, रिक्षावाला थेट फाटकापुढं आणून सोडेल. चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेली बाई. चाल ताठ, आवाज खणखणीत आणि राग कायम नाकावर. दूधवाला पाच मिनिटं उशिरा आला तर त्याला आधी भिंतीवरचं घड्याळ बघावं लागायचं, मग पातेलं मिळायचं.

पण एक मानलं पाहिजे. एवढी तापट बाई, तरी तिनं रागाच्या भरात कुणाला वेडंवाकडं बोललेलं सांगलीत कुणी ऐकलं नव्हतं. त्याचं मूळ त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षात होतं. एक मोठे डॉक्टर भर ऑपरेशनमध्ये त्यांच्यावर ओरडले. चूक यांची नव्हती. हातातला ट्रे उचलून साहेबांच्या टाळक्यात घालावा असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. म्हाताऱ्या मेट्रनबाईंनी ते डोळ्यांतच ओळखलं. दंडाला धरून त्यांनी या पोरीला चादरींच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, "दार लावून घे. जे बोलायचं ते प्रभूला बोल. काही राखून ठेवू नकोस. मग तोंड धू आणि कामाला ये."

तबीथानं दार लावलं, चादरींच्या गठ्ठ्यात तोंड खुपसलं आणि त्या डॉक्टरांचा असा उद्धार केला की बस्स! प्रभूनं बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या, तोंड धुतलं आणि कामाला लागल्या. तेव्हापासून राग आला की चादरींची खोली, रडू आलं की चादरींची खोली. नवरा एकाएकी गेला, त्यानंतर महिनाभर त्या रोज तिथं जाऊन देवाशी भांडत होत्या. भांडून भांडून एक दिवस दमल्या आणि त्याच्याच खांद्यावर टेकल्या.

मग निवृत्ती आली आणि ती खोली सुटली. घोटाळा झाला तो इथं.

दर मंगळवारी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थना असते, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले; एकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं. सिस्टरना वाटलं, ही आपली चादरींचीच खोली, जरा मोठी एवढंच. आता चादरींना कान नसतात आणि बायकांना असतात, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं? पण सुचलं नाही खरं. शेजारच्या रेश्मानं कुंड्यांचं पाणी यांच्या जिन्यावर सोडलं, तर सिस्टर तिला तोंडावर एक अक्षर बोलायच्या नाहीत. मंगळवारी डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, आमच्यातल्या काही बहिणींना पाणी कुठं सोडावं एवढी बुद्धी दे." सगळ्या बायका एकेक डोळा उघडून रेश्माकडं बघायच्या. रेश्मा काय करणार? ती मुकाट आमेन म्हणायची. सिस्टर घरी जाताना अगदी हलक्या होऊन जायच्या. आपण राग जिंकलाय अशी त्यांची पक्की खात्री होती.

सून मयूरी घरात आली आणि दोघींचं चांगलं गूळपीठ जमलं. मयूरी रहिमतपूरची, विश्रामबागेतच बँकेत नोकरीला. नवरा सुमंत कोयनानगरला वीज प्रकल्पात. शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस घरात या दोघीच. मयूरीला दिवस गेले तेव्हा सिस्टरना आभाळ ठेंगणं झालं. आणि तिसऱ्या महिन्यात मूल गेलं.

मयूरीनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवून एकच मागितलं. "आई, कुणाला सांगू नका. माझ्या आईलासुद्धा मीच सांगेन. थोडा वेळ द्या मला."

"कुणालाही नाही," सिस्टर म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

आठव्या दिवशी मयूरी बँकेत जायला निघाली. घरी बसलं की डोकं फिरतं म्हणाली. सिस्टरचं म्हणणं होतं, महिनाभर हलायचं नाही. मयूरीनं ऐकलं नाही. सिस्टरनी डबा भरून दिला आणि राग मंगळवारसाठी ठेवून दिला.

त्या मंगळवारी प्रार्थना यांच्याच घरी होती. मयूरी लवकर आली, तिनं चहा टाकला. ट्रे घेऊन ती दारापर्यंत आली तेव्हा सिस्टरची प्रार्थना चालली होती. "प्रभू, तू आमच्या घरातलं लेकरू तिसऱ्या महिन्यातच परत नेलंस. आता आमच्या सुनेला शहाणपण दे. नोकरीपेक्षा कूस मोठी असते, हे तिला कळू दे."

बायकांनी आमेन म्हटलं आणि डोळे उघडले, तर समोर मयूरी. तिनं प्रत्येकीच्या हातात कप दिला. "साखर कमी वाटली तर सांगा," एवढंच बोलली. सगळ्या गेल्यावर तिनं कप विसळले, पालथे घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला माहेरी निघून गेली.

"मी काय वावगं बोलले? प्रार्थनाच केली ना!" सिस्टर चार दिवस हेच म्हणत होत्या. भिंतीला, दूधवाल्याला, स्वतःला. मयूरी त्यांचा फोन उचलत नव्हती.

शनिवारी सुमंत आला. पिशवी खाली ठेवून उभ्याउभ्याच म्हणाला, "आई, ती या घरात परत यायला तयार नाही. मला कोयनानगरला क्वार्टर मागायला सांगतेय. मी सोमवारी अर्ज देणार आहे."

"अरे, पण मी तिला शब्दानं बोलले नाही!"

"बोलली असतीस तर बरं झालं असतं. भांडणात समोरच्याला उत्तर देता येतं, आई. प्रार्थनेत मधे बोलता येत नाही."

सिस्टर तडक धान्याच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. चादरी नव्हत्या, ज्वारीचं पोतं होतं. त्यावर डोकं टेकलं. किती वर्षांनी बंद दाराआड बसल्या होत्या! आधी रेश्मा निघाली, मग दूधवाला, मग मयूरीचा हट्ट. सगळा राग ओतून झाला, आणि खाली काय निघावं? तांदळाच्या डब्यामागं लपवलेलं पिवळ्या लोकरीचं टोपडं. मयूरीला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी त्यांनी विणायला घेतलं होतं, अर्धं राहिलं होतं. "प्रभू, माझंही नातवंड गेलं रे," असं म्हणून त्या ढसाढसा रडल्या. इतके दिवस त्या रडल्याच नव्हत्या, नुसत्या चिडल्या होत्या. तोंड धुऊन बाहेर आल्या तेव्हा काय करायचं ते त्यांना स्वच्छ कळलं होतं.

"अर्ज दोन दिवस थांबव," त्यांनी सुमंतला सांगितलं. "मी जाऊन येते."

सोमवारी सकाळी त्या रहिमतपूरला उतरल्या. मयूरीची आई साळूबाई अंगणात घेवडा निवडत बसली होती.

"आवं विहीणबाई! या की, या! कवा निगाला?" तिनं पाणी दिलं, आणि पाणी पिऊन होईपर्यंतसुद्धा तिला दम निघेना. "बरं झालं तुमीच आला. पोर येऊन पाच दिस झालं, लय गप हाय. धड जेवत न्हाई. भांडलासा व्हय? काय झालं ते तुमी तरी सांगा."

म्हणजे मयूरीनं आईला अजून सांगितलं नव्हतं. सिस्टरच्या ओठावर सगळं आलं. आई आहे ती, तिला कळलंच पाहिजे, तिनंच पोरीला समजवावं. जीभ अक्षरशः वळवळली. त्यांनी घोटभर पाणी गिळलं.

"चूक माझी झालीय, साळूबाई. पण काय झालं ते मयूरीचं आहे. तिला वाटेल तेव्हा ती सांगेल."

साळूबाई काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. जन्म मंडळीत गेलेला. बायकांच्या पोटातलं कुठून बाहेर पडतं, तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं सूप बाजूला सारलं, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. "बरं, ऱ्हायलं. मग आदी प्रार्थना तरी करा."

सिस्टरनी डोळे मिटले. "प्रभू, तुला सगळं माहीत आहे. आमेन."

साळूबाईनं एक डोळा उघडला. "झाली?"

"झाली."

"एवढीच?"

तेवढ्यात दारामागून आवाज आला. "आमेन." मयूरी कधीची तिथं उभी होती. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. सिस्टर उठल्या, तिला परसात नळापाशी घेऊन गेल्या आणि तिच्याकडं बघत, डोळे अगदी उघडे ठेवून बोलल्या.

"मी तुझा विश्वास मोडला. तुझं दुःख मी चार बायकांत मांडलं आणि वर देवाचं नाव लावलं. माझं चुकलं, मयूरी. माझं स्वतःचं दुःख मात्र मी डब्यामागं लपवून ठेवलं होतं." त्यांनी पिशवीतून ते अर्धवट टोपडं काढलं.

मयूरीनं ते हातात घेतलं. "तुम्ही मला का नाही दाखवलंत? मला वाटलं, रडणारी मी एकटीच आहे. तुम्हाला फक्त राग आलाय."

"मलाही तसंच वाटत होतं," सिस्टर म्हणाल्या.

मग मयूरी आत गेली आणि आईपाशी बसली. सिस्टर बाहेर घेवडा निवडत राहिल्या. आतून साळूबाईचं रडणं ऐकू आलं. उठून आत जावं, दोन शब्द सांगावेत म्हणून पाय शिवशिवत होते. पण त्या हलल्या नाहीत. सूपभर घेवडा त्यांनी निवडून संपवला.

बऱ्याच वेळानं मयूरी खांद्याला बॅग अडकवून बाहेर आली. टोपडं बॅगेतच होतं.

"आई, उद्या मंगळवार. प्रार्थना कुणाकडं आहे?"

"रेश्माकडं."

"मी पण येते. उद्या प्रार्थना मी करणार, आणि तुम्ही रेश्माताईंना चहाला मदत करायची."

आणि सिस्टरनी, आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याची प्रार्थना सुरू होण्याआधीच आमेन म्हटलं.