ठेवणीतला कान

आमच्या घरात माझं सोनं रोज गळ्यात असतं आणि नवऱ्याचा कान कपाटात. सांगून कुणाला पटत नाही, पण सुभेदार म्हणून गावात मिरवणाऱ्या माणसाची अक्कल तेवढीच चालते.

ह्यांची नोकरी तोफखान्यात झाली आणि उजवा कान जवळजवळ तिथंच राहिला. निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या वस्तीवर आले, तरी ऐकू येत नाही हे कबूल करायचं नाव नाही. एक कान हाय की, म्हणायचे. जसा काही देवानं दुसरा उगाच शोभेला लावला होता.

लॉकडाऊनपासून ह्यांचे केस मीच कापते. डाव्या कानापाशी कात्री नुसती कचकचली की पातं टेकायच्या आधीच ह्यांचा खांदा वर येतो, मान आखडते. उजव्या बाजूला मात्र सुभेदार ढिम्म. गार पातं टेकलं की मग बसल्या जागी उडतात आणि वर मलाच ऐकवतात, सांगून कापत जा. एकदा उजव्या बाजूनं गांधीलमाशी घोंगावत आली, तर ह्यांनी फाडकन डाव्या गालावर मारून घेतलं. माशीनं उजवी पाळी सुजवली. मी पोट धरून हसले.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा ते लिहायचं थांबले. म्हणाले, अंगाभोवतीची हात-दीड हात जागा मेंदू आपलीच धरून चालतो. तिथं काही वाजलं की कानाला आलेलं आणि कातडीला कळणारं तो एकत्र करतो, म्हणून लागायच्या आधीच तेवढं अंग सावध होतं. लांबच्या आवाजाला तसं होत नाही. एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून, किती जवळून, ते धड उमगत नाही, आणि ती बाजू गाफील राहते. ऐकायचं यंत्र उजव्या कानात दिवसभर घाला, असं त्यांनी दोनदा बजावलं. सुभेदार मान डोलावत होते. त्यातलं किती आत गेलं, देव जाणे.

यंत्र आलं आणि डबीसकट पदकांशेजारी कपाटात जाऊन बसलं. लग्नाला, झेंडावंदनाला, पाहुणे आले की ते बाहेर निघायचं. घरी आले की कापसानं पुसून परत डबीत. शेतात धूळ, गोठ्यात शेण, म्हणून तिथं घालायचं नाही. कान माणसांशी बोलायला लागतो, म्हशींशी काय बोलायचंय, हे ह्यांचं शहाणपण. आमच्याकडं चांगली चादर, चांगले कप असेच ठेवणीत राहतात, ते एक वेळ मी समजू शकते. पण कान? आटपाडीकडं माझ्या माहेरची माणसं मेंढरं राखणारी, शाळेचं तोंड न बघितलेली, पण पायाशी झुडपात खसफसलं की पाय आधी मागं घेतात. आणि हा फौजेनं शिकवलेला माणूस.

मला धास्ती कडबाकुट्टीची होती, म्हशींचा चारा कापायच्या मशीनची. उसाच्या शेंड्याचं वाढं तिच्यात सारताना तोंड भरलेलं असेतोवर ती जड घरघरते. संपत आलं की पात्यांचा आवाज मोकळा, खणखणीत होतो. तो जवळ आला की माझा हात मला न विचारता मागं येतो. ह्यांचा यायचा नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी ह्यांच्या उजव्या अंगाला उभी राहायची आणि वाढं संपलं की कोपर धरून ओढायची. ह्यांना वाटायचं, बायकोला गप्पा हाणायच्यात.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही वडूजला लग्नाला जाऊन आलो. कपडे बदलताना ह्यांनी यंत्र काढलं. मी म्हणलं, राहू द्या, तसंच कुट्टीला चला.

"लग्नातला कान गोठ्यात नेऊ व्हय?" म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "मग तुमी आन तुमच्या म्हशी," म्हणून मी आत आले आणि भाकरी थापायला बसले. मुद्दाम बसले. त्यात मला स्वतःला सोडवून घ्यायचं नाही.

वाढं संपल्याचं मला चुलीपाशी ऐकू आलं. मी उठले नाही. मग आवाज एकदम अडखळला, तेव्हा पिठाच्या हातानं धावले. हे उभेच होते, आपल्या उजव्या हाताकडं बघत, ओरडलेसुद्धा नव्हते. दोन बोटं गेली होती. मी बटण बंद केलं, टॉवेल गुंडाळला, हाका मारून शेजाऱ्यांची गाडी बोलावली.

गाडीत बसल्यावर हे काय म्हणाले असतील? कपाटातनं यंत्र आण. दवाखान्यात माणसं बघायला येत्याल.

अशा वेळीही ह्यांना चारचौघांतली शोभाच सुचली. मी शिव्या घालत, रडत आत गेले आणि डबी घेऊन आले. गाडी हलली. ह्यांच्या उजव्या अंगाला बसून मीच ते कानात बसवलं, चालू केलं. माझं रडणं थांबत नव्हतं. हे दचकले, खांदा वर आला, आणि मान वळवून माझ्याकडं बघायला लागले.

"हळू रड," म्हणाले. "लय जवळनं येतंय."